पाचव्या दिवसाचं धुणं

रुमिपुक्यो, ९ मार्च २००८

आई,

तू माझ्याशी अबोला धरला आहेस, तो धर. पण पत्र तुला वाचून दाखवणार शेजारच्या हिल्दामावशी, आणि त्यांच्याशी तुझं भांडण नाही. कानांत बोटं घालून बसलीस तरी चालेल, मावशींचा आवाज भिंतीपलीकडेही जातो. मावशी, रागावू नका, कौतुकच करतेय.

सोबत चीज आणि भाजलेला मका आहे. नेमेसिओ ड्रायव्हरला सांगितलंय, वाटेत यातलं काही खाल्लंस तर बसची चाकं काढून घेईन. फोनच करणार होते, पण गावात फोन एकच, तोही दुकानात, आणि मी बोलत असताना दुकानदारीणबाई साखर तोलायची थांबते. शिवाय तू फोन ठेवून देतेस.

शेवटचं तू बोललीस ते माझ्या लक्षात आहे. "ज्याने तुझा भाऊ शिपायांना दाखवला त्याच्या गावात शांतता शिकायला चाललीस? मेलेल्यांवर परीक्षा देणार?" म्हणालीस आणि धाडकन फोन ठेवलास. 'मेलेल्यांवर' म्हणालीस, हे तुझ्या नंतर लक्षात आलं असेल. दादाला तू कधीच मेलेला म्हणत नाहीस.

वामांगाच्या विद्यापीठात आमच्या वर्गात अकरा जण आहोत. युद्धानंतर माणसं एका गावात पुन्हा कशी नांदतात, काय आठवतात, काय गिळून टाकतात, हे शिकायचं आणि एका गावात राहून लिहायचं. बाकीच्यांनी परकी गावं निवडली. मी आपलंच निवडलं. प्राध्यापिका लार्राउरी म्हणाल्या, "स्वतःचं गाव सगळ्यात अवघड." त्यांना हे पुस्तकातून कळलेलं आहे, पण खरं आहे.

आल्या दिवशी फुटबॉलच्या मैदानात गेले. जिथे शिपायांनी पोरांना रांगेत उभं केलं होतं आणि फोर्तुनातोने दादाकडे बघून मान हलवली होती, तिथे आता गोलला जाळी लावली आहे. पोरं खेळत होती. मी सहा वर्षांची होते, मला फक्त तुझा हात आठवतो, इतका घट्ट की बोटं दुखली होती. बाकी सगळं मला लोकांनी सांगितलं. तू कधी नाही सांगितलंस.

राहायची सोय झाली आहे. कुणाकडे ते विचारू नकोस, छप्पर पक्कं आहे.

आणि आई, रात्री दाराला कडी लावत जा. मावशींनी कळवलं, परत रेडिओ गेला. दादा यायचा असेल तर दार वाजवेल. लिमाच्या आपल्या त्या टेकडीवर चोर सोडून कोणी न वाजवता आत येत नाही.

मार्लेनी


रुमिपुक्यो, २७ एप्रिल २००८

आई,

नेमेसिओने चुगली केलीच. बरं, मग ऐक. हो, मी फोर्तुनातो यारांगाच्या घरी राहते.

माझं काही चाललं नाही. पाहुणी कुणाकडे राहील हे गावसभा ठरवते. आईमंडळाची मुख्य दोन्या विसेंता उभी राहिली आणि म्हणाली, "त्याच्याकडे रिकामी खोली आहे. आणि तो तुमचा कोम्पाद्रे आहे. तुझ्या भावाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात कुणी धरलं होतं? धर्मबापाचं घर असताना पोर दुसरीकडे राहिली तर आम्ही तोंड कुठे लपवायचं?" मी म्हटलं, "त्याच धर्मबापाने..." तर बाई म्हणाली, "ते आम्हाला माहीत आहे. आम्ही पण तिथेच होतो. भिंतीला ते माहीत नाही, तू भिंतीत राहा."

पहिला आठवडा मी माझ्या पिशवीतला मका खाल्ला. मग एक दिवस गारा पडल्या आणि मी त्याचं सूप प्यायले. मीठ जास्त होतं. एवढंच.

तो आता म्हातारा झाला आहे. पंच्याहत्तरीचा असेल. डावा कान गेला आहे. मी त्याला कुठल्याच नावाने हाक मारत नाही, नुसती खोकते. तो वळतो. बरा कान माझ्या बाजूला करून बसायची त्याला सवय झाली आहे.

प्राध्यापिकाबाईंनी एक तक्ता दिला आहे. त्यात समेटाच्या पायऱ्या आहेत, गाव कितव्या पायरीवर आहे ते लिहायचं. विसेंताला दाखवला. तिने तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा, आणि म्हणाली, "आम्ही पायऱ्यांवर नाही गं पोरी, आम्ही उतारावर आहोत. पाय घसरेल तिथे बसतो."

आता खरं ते सांगते. मी त्याला विचारलं. तुला राग येईल, पण विचारायलाच आले होते. म्हटलं, "शिपायांनी तुमच्यावर बंदूक रोखली होती का?" मला वाटलं हो म्हणेल. सगळे हो म्हणतात, वर्गात आम्ही असलीच उत्तरं वाचतो. त्याने बराच वेळ चुलीत काटक्या घातल्या.

"नाही," म्हणाला. "कोणी काही रोखलं नव्हतं. रानातल्या बंडखोरांनी माझी बायको बेनेदिक्ता मारली होती, तिला पुरून दोन आठवडेही झाले नव्हते. साहेबाने विचारलं, त्यांची पोती कोण वाहतं? तुझ्या भावाने एकदा वाहिलं होतं. मारून वाहायला लावलं होतं, तेही मला माहीत होतं. मी मान हलवली. लिही. असंच लिही. बंदूक होती असं लिहू नकोस."

आई, मला तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. खोटं बोलणाऱ्याचा राग करणं सोपं जातं.

मार्लेनी


रुमिपुक्यो, ३ नोव्हेंबर २००८

आई,

मावशींचा निरोप मिळाला. तू ठीक आहेस, गुडघा दुखतो, आणि माझं नाव निघालं की पाण्याचा टँकर आला का बघायला बाहेर जातेस. टँकर रोज येत नाही, आई.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली तू बसून ऐक.

सप्टेंबरात जुन्या लष्करी तळामागचा खड्डा उघडला. हाडं काढणारी माणसं वामांगाहून आली होती, ब्रश घेऊन, हळू काम करणारी, भली. सगळं गाव कडेला बसून होतं. त्यांनी जे जे कापड निघालं ते निळ्या ताडपत्रीवर मांडलं आणि म्हणाले, बघा, हात लावू नका. तिथे एक कमरपट्टा होता. लाल, त्यावर पांढरे पक्षी. एक पक्षी बाकीच्यांच्या उलट तोंड करून होता. तूच सांगायचीस ना, विणताना मी रडत होते आणि तू धाग्याला हिसका दिलास? मी हात लावला नाही. माझी थुंकी घेतली आहे, हाडांशी जुळते का ते तपासायला. महिने लागतील. तोवर कुणी काही नक्की म्हणत नाही, मीही म्हणत नाही.

मावशी, इथून पुढचं वाचू नका. मनातल्या मनात वाचा आणि घडी घाला. मला कुणाला तरी सांगायचं आहे, पण तिला नको.

काल सर्व मृतांचा दिवस होता. सगळे कबरस्तानात, सूप, मक्याची दारू, बाळांच्या आकाराचे पाव. फोर्तुनातोने बायकोच्या कबरीवर पाव ठेवला आणि दुसरा तिच्या शेजारच्या, बिनानावाच्या क्रुसापाशी. मी विसेंताला विचारलं हा कोण. ती म्हणाली, "तुला सांगितलं नाही त्याने? तुमचा रोमुलो. त्याचे कपडे."

मावशी, तुम्ही किनाऱ्याच्या, तुमच्याकडे हे नसेल. आमच्यात माणूस गेला की पाचव्या दिवशी त्याचे कपडे नदीवर नेऊन धुतात. धुतले की आत्मा मोकळा होऊन वाटेला लागतो. रक्ताच्या माणसाने धुवायचे नसतात, त्याचे अश्रू कपड्यात पडले तर आत्मा अडकतो. जावई धुतो, नाहीतर धर्मबाप.

दादाला नेलं त्याच रात्री आई मला घेऊन पळाली. घर उघडंच राहिलं. तिसऱ्या दिवशी फोर्तुनातो कांबळं आणि उकडलेले बटाटे घेऊन तळावर गेला होता. काय वाटलं असेल त्याला, कुणास ठाऊक. पहाऱ्यावरचा म्हणाला, "परत ने. कालपासून त्याला भूक लागत नाही." मग हा माणूस घरी आला, मोजून पाचव्या दिवशी आमच्या उघड्या घरात शिरला, दादाचे सगळे कपडे घेतले, नदीवर धुतले आणि पुरले. त्या दिवशी सगळ्या गावाने बघितलं. सगळ्या गावाला तेव्हापासून माहीत आहे की दादा मेला. कपडे धुतले म्हणजे मेला. फक्त आईला माहीत नाही.

आई गेली चोवीस वर्षं दार उघडं ठेवून झोपते, मावशी.

मी घरी येऊन भांडी फेकली. त्याची. म्हटलं, "निरोप का नाही पाठवला? एक शब्द! बस जात होती ना लिमाला?" तो म्हणाला, "कोणत्या तोंडाने, पोरी? दाखवलं मी, धुतलं मी, आता कळवायचंही मीच?" मग खाली वाकून खापऱ्या वेचायला लागला. मी मदत केली नाही.

मावशी, घडी घाला.

मार्लेनी


वामांगा, १९ जुलै २००९

आई,

मावशींनी सगळं वाचून दाखवलं, हे त्यांनी कळवलं. "तुझी आई माझं तोंड बघून ओळखते, मी थांबले तर तिने कागद हिसकावला, वाचता येत नाही तरी त्याच्याकडे बघत बसली, मग वाचावंच लागलं." मावशी, तुमची चूक नाही. चूक माझी, मी तोंडाचा विचारच केला नाही.

तू चार दिवस जेवली नाहीस. आणि दार अजून उघडंच असतं. तेही कळवलं आहे त्यांनी.

आई, थुंकी जुळली. तो दादाच आहे.

आज विद्यापीठात आल्यावर कागद हातात दिला. टेबलापलीकडची मुलगी माझ्यापेक्षा लहान होती, तिने मला पाणी दिलं आणि खुर्ची जवळ ओढली. मी म्हटलं, मी याच विषयाचा अभ्यास करते, मला सवय आहे. मग पाणी सांडलं.

आठ ऑगस्टला रुमिपुक्योला पुरायचं आहे. पांढरी पेटी असते, लहान, मूल मावेल एवढी. दादा सोळा वर्षांचा होता आणि दारातून वाकून यायचा, पण हाडांना तेवढी जागा पुरते म्हणतात.

तू यावंस असं मला वाटतं. येणार नाहीस हेही माहीत आहे. तो जिवंत असेपर्यंत त्या गावाचं पाणी पिणार नाही, हे तू माझ्या लहानपणापासून म्हणतेस. मी तुला माफ कर म्हणायला लिहीत नाही. आमच्या वर्गात तो शब्द दिवसातून वीस वेळा येतो, मला तो आता चघळलेल्या कोकाच्या पानासारखा लागतो. मी स्वतः त्याला माफ केलेलं नाही. भांडी नवी आणून दिली, ती माझ्याच जेवणासाठी.

पण एक मागते. तू पळताना दादाचा राखाडी स्वेटर अंगाभोवती गुंडाळून मला पाठीवर घेतलं होतंस. तो तुझ्या उशाला पिशवीत आहे. तो तू एकदाही धुतला नाहीस. मी लहान असताना एकदा बादलीत टाकला तर तू मला मारलंस, त्याआधी आणि त्यानंतर कधी नाही मारलंस. आता मला कळतं का ते.

विसेंता म्हणते तेव्हाचं धुणं लागू पडलं नाही, कारण एक कपडा राहिला होता. मेंढ्या राखणाऱ्यांना अजून संध्याकाळी तळाच्या बाजूने शीळ ऐकू येते म्हणे, दादाची शीळ. माझा यावर विश्वास आहे की नाही हे प्राध्यापिकाबाईंनी विचारलं. मी म्हटलं, मला विचारू नका, माझ्या आईला विचारा, ती तर ही शीळ ऐकायला दार उघडं ठेवते.

स्वेटर पाठव. पाचव्या दिवशी धुवायला हवा. मी धुऊ शकत नाही, तू धुऊ शकत नाहीस. विसेंता मला म्हणाली, "वेळेवर लग्न केलं असतंस तर जावयाने धुतला असता! आता दुसरा कोण आहे तुमचा?" दुसरा कोणीच नाही, आई. आहे तो तोच. त्याच्या हातात द्यावा लागेल. मी लपवत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते.

नाही पाठवलास तरी मी समजेन.

मार्लेनी


रुमिपुक्यो, १६ ऑगस्ट २००९

आई,

पुरलं दादाला. बेनेदिक्ताच्या कबरीपासून लांब, वरच्या बाजूला, जिथून रस्ता दिसतो. तुला तीच जागा आवडली असती. फोर्तुनातो कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभा राहिला, आत आला नाही. त्याला कोणी नको म्हटलं नव्हतं. त्याला कोणी ये असंही म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी बसथांब्यावर होते. वाटलं होतं कदाचित तूच उतरशील. नेमेसिओ उतरला, आणि त्याने पिशवी आतून, स्वतःच्या सीटमागून काढली. म्हणाला, "टपावर नाही ठेवली. तुझ्या आईने, दोन्या तेओदोसियाने, सांगितलं होतं, मांडीवर ने. मांडीवर घेऊन गाडी कशी चालवू, म्हणून पाठीला लावून आणली." मावशींची चिठ्ठी होती. लिहिलं होतं, तुझी आई पिशवी देऊन बाजूला झाली. बस सुरू झाल्यावर खिडकीवर हात आपटून ओरडली, "थंड पाण्यात धू म्हणावं त्याला! गरम पाण्याने लोकर आटते!"

सकाळी नदीला काठाकाठाने बर्फ होता. विसेंता आणि बायका कोका चघळत बसल्या होत्या. मी पिशवी त्याच्या हातात दिली. त्याने विचारलं, "तुझी आई काही म्हणाली?" मी सांगितलं, थंड पाण्यात धुवायचा. त्याने चपला काढल्या आणि गुडघाभर पाण्यात गेला.

त्याने स्वेटर उलगडला आणि थांबला. म्हणाला, "हा नव्हे. त्याचा एवढा मोठा नव्हता."

मीही नीट पाहिला, आई. पहिल्यांदाच पाहिला. लहान असताना तू हात लावू देत नव्हतीस, आणि नंतर मी कधी पिशवी उघडली नाही. मनगटापासून पुढे लोकर वेगळी होती. आधी थोडी तपकिरी, मग थोडी काळी, मग ती बाजारातली निळी, जी तू मला शाळेच्या टोपीला पुरत नाही म्हणाली होतीस. खांद्यातही तू पाचर घालून रुंद केला होतास. कमरेतही लांबी वाढवलेली. सोळा वर्षांच्या मुलाचा स्वेटर चाळीस वर्षांच्या माणसाच्या मापाचा झाला होता. तू त्याला वाढवत राहिलीस. दार ढकलून आला तर त्याला तो आखूड होऊ नये म्हणून.

आई, मी रडले नाही, नियम आहे, कपड्यात पाणी पडायला नको. तोंड फिरवून डोंगराकडे बघत राहिले.

फोर्तुनातोला सांगावं लागलं नाही. त्याने बाही बोटांनी चाचपली, लोकरीचा एकेक जोड चाचपला. मग त्याने धुतला. उलटा करून, सुलटा करून, दगडावर न आपटता, जसं लहान मुलाला आंघोळ घालतात तसं. इतकी वर्षं साठलेलं पाण्यात उतरलं, केरोसीन, लिमाची धूळ, तुझ्या उशाचं तेल. पाणी बराच वेळ गढूळ होतं, मग स्वच्छ झालं.

भिजलेली लोकर जड होते. त्याला एकट्याला पिळता येईना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण पिळायलाही रक्ताचं माणूस चालत नाही, आणि त्याच्याबरोबर दुसरं टोक धरायला त्यांच्यातली कोणी उठेना. त्याने दोनदा प्रयत्न केला, दोनदा स्वेटर पाण्यात पडला. तो कुणाला हाक मारेना. मग मी खोकले. तो वळला, आणि मी दुसरं टोक धरलं. विसेंताने आभाळाकडे बघितलं, जणू तिला काही दिसलंच नाही. त्याने एकीकडे पीळ दिला, मी दुसरीकडे. एकमेकांकडे पाहिलं नाही. पाणी निघून गेल्यावर मी सोडला.

हे मी माझ्या प्रबंधात लिहिणार नाही. प्राध्यापिकाबाई याला पायरी म्हणतील. ती पायरी नव्हती, ओला कपडा जड होता.

वर चढताना तो म्हणाला, "बाई चांगली विणते." मी म्हटलं, "हो." तेवढंच बोलणं झालं. तुझ्यापासून काही लपवायचं नाही म्हणून सांगितलं.

स्वेटर दोन दिवस उन्हात वाळवला. खरं तर जाळायचा असतो. विसेंताने काडीही पुढे केली होती. मी म्हटलं, दादाच्या वाटचा धुतला गेला, बाकीची लोकर माझ्या आईची आहे, ती नाही जाळू देणार. नेमेसिओबरोबर परत पाठवतेय. त्याला आता नदीचा वास येतो, दुसरा कसलाच नाही. आटला नाही. तू सांगितलं होतंस तसाच धुतला.

हिवाळा आहे, तुझ्या टेकडीवर धुकं असतं, तूच घाल. बाह्या लांब होतील, दुमड.

मावशी, आता वाचणं थांबवू नका, फक्त तिचा हात धरा आणि पुढचं वाचा.

आई, काल संध्याकाळी मी मेंढ्यांबरोबर तळाच्या बाजूला जाऊन बसले होते. अंधार पडेपर्यंत बसले. शीळ आली नाही.

आज रात्री दाराला कडी लावून झोप. आतून, नीट, वरची आणि खालची. आता कोणी यायचं राहिलेलं नाही. आणि मी आले की वाजवीन.

मार्लेनी